जुन्या इलेक्ट्रिक स्टोव्हचा एकच बर्नर तापत नाहीये? आधी हे बघा

अमेरिकेत जुनं घर घेतलं की बरेचदा किचनमध्ये १९५०-६०च्या काळातला कॉइलवाला स्टोव्ह मिळतो आणि एक बर्नर बंद पडला की लोक अख्खा स्टोव्हच काढून टाकतात. प्लीज असं करू नका, यात कॉइल, सॉकेट, स्विच आणि वायरी एवढंच असतं, बिघाड घरी शोधता येतो.

आधी पॉवर बंद करा. नॉब ऑफ असला तरी आत करंट असतोच, कारण स्टोव्हला १२०-१२०च्या दोन लाइव्ह लाइन मिळून २४० व्होल्ट येतात आणि त्या स्विचपर्यंत कायम आलेल्या असतात. तेव्हा ब्रेकर पाडा, जुना फ्यूज बॉक्स असेल तर स्टोव्हचे दोन्ही फ्यूज काढा, मग मल्टिमीटरने करंट नाही याची खात्री करा. आणि हो, सगळेच बर्नर एकदम बिघडले असतील तर बर्नर उघडूच नका, बहुतेक एक फ्यूज गेलेला असतो, आतला दिवा दुसऱ्या लाइनवर चालू राहू शकतो म्हणून लक्षात येत नाही.

बर्नर उपसून निघणारा असेल तर त्याच साइजचा दुसरा चालू बर्नर तिथे लावा आणि तेवढ्यापुरती पॉवर चालू करून बघा, मग परत बंद करा. तो तापला तर जुनी कॉइल गेली. नाही तापला तर दोष सॉकेट, वायर किंवा स्विचमध्ये. सॉकेट काळं पडलंय, ढिलं झालंय, कॉइलच्या पिना खड्डे पडून खरखरीत झाल्यात, असं दिसलं तर दोन्ही बदला, नुसतं घासून भागत नाही, खराब पिना नवीन सॉकेटही जाळतात.

मीटर असेल तर कॉइल काढून तिचा रेझिस्टन्स ओहममध्ये मोजा, ६ इंची कॉइल साधारण ४०-५० आणि ८ इंची २२-३० दाखवते, काहीच नाही दाखवलं तर आतून तुटली. पिन आणि कॉइलचं बाहेरचं आवरण यात मीटरने कंटिन्युइटी (म्हणजे करंट जायला वाट) दाखवली तर ती कॉइल परत लावायचीच नाही.

खरी गंमत बटणांवर पाच-सात ठरावीक हीट असलेल्या स्टोव्हची. तिथे एका बर्नरमध्ये दोन कॉइल असतात, हायला दोन्ही २४०वर पॅरलल (प्रत्येकीला स्वतंत्र करंट), सगळ्यात लोला दोन्ही १२०वर सिरीजमध्ये (एकीतून दुसरीत करंट). म्हणजे एक कॉइल तुटली की लो पूर्ण मरतो आणि हाय अर्धवट तापतो, हे दिसलं की स्विचला हात लावू नका, आधी दोन्ही कॉइल वेगवेगळ्या मोजा. कॉइल ठीक निघाल्या तर मग स्विच. आणि फिरणाऱ्या नॉबचा स्टोव्ह असेल आणि लोवर ठेवूनही बर्नर सतत लालभडक राहत असेल तर स्विचचे कॉन्टॅक्ट चिकटलेत, तो वापरणं ताबडतोब थांबवा, नवीन स्विच घेताना व्होल्ट आणि अँपिअर जुन्यावर लिहिलेले जुळवून घ्या.

वायरी काढण्याआधी फोटो काढा. जुन्या वायरीवर कापडासारखं आवरण असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते खरवडू नका, वायर जळालेली असेल तर हे काम इलेक्ट्रिशियनलाच द्या आणि जास्त उष्णता सहन करणारी स्टोव्हची वायरच टाकायला सांगा, घरातल्या साध्या वायरीचं आवरण तिथे वितळतं.