फावडं अडलं म्हणजे जमीन लागली असं नव्हे

हिवाळ्यात पाऊस पडला की नॉर्वेच्या ध्रुवीय बेटांवरच्या, म्हणजे स्वालबार्डच्या, रेनडिअरांची उपासमार होते, हे तिथे हिम मोजायला येणारे तुम्ही वाचून आलेले असताच. 30 जानेवारी 2012 रोजी तिथल्या नी-ऑलेसुंड या संशोधन वस्तीत एका दिवसात 98 मिलिमीटर पाऊस झाला, हेही बहुतेकांना पाठ असतं. पण ते पाणी कुठे आणि किती जाड गोठलं, हे पर्जन्यमापक सांगत नाही. त्यासाठी हिमात खड्डा खणावा लागतो, आणि नवख्यांचं काम तिथेच फसतं.

आधी शब्दांची शिस्त लावून घ्या. हिम म्हणजे भुसभुशीत, कणाकणांचं. बर्फ म्हणजे पाणी गोठून झालेला सलग थर. वहीत दोन्हींना ‘बर्फ’ लिहिलंत तर दोन महिन्यांनी तुमचं तुम्हालाच उलगडणार नाही.

आता तो सापळा. खणताखणता 40 सेंटिमीटरवर फावडं खट्कन अडतं. तळ करडा, मातकट दिसतो. जमीन लागली असं समजून तुम्ही तिथे पट्टीचा शून्य टेकवता आणि वर मोजू लागता. ती जमीन नसते! पावसाचं पाणी हिमातून झिरपत खाली जातं. खालच्या जमिनीचं तापमान शून्य अंशाच्या कितीतरी खाली असतं, म्हणून पाणी तिथेच थिजतं आणि शेवाळ, गवत, खुज्या विलो झुडपांच्या काड्या पोटात घेऊन दगडासारखं होतं. धूळ आणि वाळकी पानं अडकल्यामुळे तो थर मातीसारखाच दिसतो. रेनडिअर खुरांनी हिम उकरतो, पण हा थर त्याला फुटत नाही. ज्याच्यासाठी एवढ्या लांब आलात तोच थर तुमच्या शून्याखाली राहिला, आणि वहीत नोंद गेली ‘तळाशी बर्फ नाही’. ही चूक मागाहून दुरुस्त करता येत नाही, कारण उन्हाळ्यात तो थर वितळून जातो.

म्हणून फावडं अडलं की ते बाजूला ठेवा. छिन्नी किंवा आइस अॅक्स घ्या आणि घाव घाला. काचेसारख्या कपच्या उडाल्या तर बर्फ. मातीचे खडे, शेवाळाचे धागे निघाले तर जमीन. तरी लगेच थांबू नका. पाणथळ जागी मातीतच बर्फ भरलेला असतो, तीही चमकते. शेवाळाचा तपकिरी-हिरवा पृष्ठभाग उघडा पडला की शून्य त्याच्यावर. जाडी एका खड्ड्यात निदान 4-5 जागी मोजा, कारण जमिनीच्या उंचसखलपणामुळे हातभर अंतरावर 2 सेंटिमीटरचे 8 होऊ शकतात. बर्फ नसेल तर ‘0’ लिहा. रकाना मोकळा सोडलात तर वाचणारा समजेल की मोजलंच नाही.

एवढा आग्रह का, तर या थरावर बरंच काही अवलंबून आहे. अशा हिवाळ्यानंतर रेनडिअर, टार्मिगन पक्षी आणि व्होल उंदीर तिघांचीही संख्या एकदमच घसरते. ध्रुवीय कोल्ह्याला त्या वर्षी मेलेले रेनडिअर मिळतात; त्याची घसरण वर्षभराने दिसते.

बाकीची मोजमापं सवयीने जमतात. खड्ड्याची भिंत सावलीतली निवडा आणि तिच्या वरचं हिम तुडवू नका. तापमान दर 10 सेंटिमीटरला घ्या. 100 घनसेंटिमीटरच्या डबीत 35 ग्रॅम हिम भरलं तर घनता 350 किलो प्रति घनमीटर. वजनकाटा वाऱ्यात स्थिर राहत नाही, तो खड्ड्याच्या तळाशी ठेवा. पेनाची शाई गोठते, पेन्सिल न्या. पहिल्या खड्ड्याला दोन तास लागले तरी घाबरू नका, सगळ्यांना लागतात.

जागा मात्र आधी नकाशावर ठरवा आणि तिथेच खणा. मऊ, खोल हिमात खणणं सोपं म्हणून पाय आपोआप तिकडे वळतात. रेनडिअर चरतात ते वाऱ्याने हिम उडवून नेलेल्या उंचवट्यांवर. किनाऱ्यालगतही दोन-तीन खड्डे ठेवा, कारण बर्फाच्या वर्षी ते समुद्री शेवाळ खायला खाली उतरतात. 1946 पूर्वीच्या मानवी अवशेषांपासून 100 मीटरच्या आत खणायचं नाही. हिमस्खलनाच्या उतारावर तर अजिबात नाही. गोठलेला थर ही घसरगुंडीच असते.

उपग्रहाच्या रडारवर सगळं भागतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हिम ओलं झालं हे रडारला कळतं, पण तळाच्या बर्फाची जाडी त्यावरून हाती येत नाही. संशोधनाचा मार्गदर्शक निवडतानाही हेच बघा: तुमचे आलेख बघण्याआधी जो तुमची फील्डची वही मागतो, तो खरा.

खड्ड्यात वाकलेल्या माणसाला आजूबाजूचं काही दिसत नाही. म्हणून एकाने खणायचं आणि दुसऱ्याने उभं राहून फक्त अस्वलावर नजर ठेवायची, वहीसुद्धा हातात घ्यायची नाही. वस्तीबाहेर अस्वलाला हुसकावण्याचं साधन बाळगणं कायद्यानेच सक्तीचं आहे. 2025 पासून अस्वलापासून 300 मीटर, तर 1 मार्च ते 30 जून या काळात 500 मीटर लांब राहावं लागतं, आणि खड्ड्यांचा हंगाम नेमका याच काळात येतो. अस्वल दिसलं की काम अर्धवट टाकून निघायचं.

भारतातून जाणाऱ्यांसाठी वाट पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. नी-ऑलेसुंडचं भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र 2008 पासून आहे, पण हिवाळी मोहिमा डिसेंबर 2023 मध्ये सुरू झाल्या. प्रस्ताव वास्को द गामाच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे जातात. व्हिसा एकदाच प्रवेशाचा घेऊ नका. स्वालबार्ड शेंगेनबाहेर, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्राबाहेर आहे, ऑस्लोहून तिथे जाऊन परतलात की तो दुसरा प्रवेश धरला जातो. नी-ऑलेसुंडमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं, म्हणून ब्लूटूथवर चालणारी उपकरणं घरीच ठेवा.

निघण्याआधी खड्डा काठोकाठ बुजवा आणि हिम पायाने दाबा. सावल्या न पडणाऱ्या सपाट उजेडात स्नोस्कूटरवाल्याला तो दिसत नाही.