फाइल सर्व्हरसाठी रेड आणि एलव्हीएम एकत्र कसं लावायचं

छोट्या ऑफिसच्या फाइल सर्व्हरला ४ टीबीच्या चार डिस्क आणि डेबियन किंवा उबंटू एवढं पुरतं. डिस्क मेली तर डेटा सांभाळायचं काम रेडचं (अनेक डिस्क जोडून एक करण्याची पद्धत), जागा वाटून द्यायचं काम एलव्हीएमचं (लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर). म्हणून रेड खाली, एलव्हीएम त्याच्यावर. ऑपरेटिंग सिस्टिम मात्र वेगळ्या छोट्या एसएसडीवर ठेवा.

आधी डिस्कची यादी देणारी ‘एलएसबीएलके’ कमांड ‘ओ’ पर्यायात ‘सीरियल’ मागून चालवा, प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर पाहा आणि तो ट्रेवर चिकटवा. पुढे कधी डिस्क बदलायची वेळ आली, की चुकून चांगली डिस्क उपसली जात नाही.

आता रेड ५ की ६? पाच एक डिस्क गेली तरी तगतं, सहा दोन गेल्या तरी. पाचमध्ये १२ टीबी मिळतात, सहामध्ये ८. जागेचा मोह होतो, पण मी सहाच घेतो. एक डिस्क गेली की नवी भरताना उरलेल्या तिन्ही डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. हे काम कित्येक तास चालतं. बऱ्याचदा चारही डिस्क एकाच वेळी घेतलेल्या असतात, म्हणजे वयानंही सारख्याच. दुसरी तेव्हाच गेली तर पाचमधला डेटा गेलाच म्हणून समजा.

रेड बनवणाऱ्या ‘एमडीएडीएम’ कमांडच्या क्रिएट पर्यायानं चारही डिस्कचा ‘एमडी-शून्य’ नावाचा ॲरे, म्हणजे जोडलेला संच, बनवा. डिस्कवर जुनं काही असेल तर ते जाईल. ‘प्रॉक’मधली ‘एमडीस्टॅट’ फाइल उघडली की चौकटी कंसात चार यू दिसतात, दर चालू डिस्कमागे एक. एखाद्या यूच्या जागी अंडरस्कोर आला, की ती डिस्क बाद. पहिलं सिंक संपायची वाट बघत बसू नका, ॲरे लगेच वापरता येतो. पण त्याची नोंद ‘एमडीएडीएम’च्या कॉन्फिग फाइलमध्ये घालून ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ (बूटच्या वेळची फाइल ताजी करणारी कमांड) चालवायला विसरलात, तर रीबूटनंतर तो ‘एमडी१२७’ म्हणून उगवू शकतो. त्याच फाइलमध्ये आपला ईमेल पत्ताही द्या. सर्व्हरवरून मेल जाते ना, तेही बघून घ्या.

मग एलव्हीएमच्या कमांड: एमडी-शून्य एलव्हीएमच्या ताब्यात द्यायला ‘पीव्हीक्रिएट’, त्यावर जागेचा एक साठा करायला ‘व्हीजीक्रिएट’, आणि ‘एलव्हीक्रिएट’नं गरजेपुरते व्हॉल्यूम: हिशेबाला १ टीबी, डिझाइनच्या फाइलींना ३. एलव्हीएम १०२४च्या पटीत मोजतं, त्यामुळे ८ टीबीचे सव्वासातच दिसतील. सगळी जागा आजच वाटून टाकू नका. जागा कमी पडली की ‘एलव्हीएक्स्टेंड’ला ‘आर’ पर्याय द्या, फाइल सिस्टिमही सोबत वाढते, तीही सर्व्हर बंद न करता. मोकळी जागा स्नॅपशॉटलाही, म्हणजे व्हॉल्यूमची त्या क्षणाची प्रत ठेवायलाही, लागते. स्नॅपशॉटला दिलेली जागा भरली तर तो निकामी होतो.

फाइल सिस्टिम ईएक्सटी४ बरी. एक्सएफएस वाढवता येते, कमी करायची म्हटली की पंचाईत. बूट होताना काय जोडायचं ते सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा कायमचा ओळख क्रमांक) लिहा, वर सांबाचे, म्हणजे विंडोजलाही दिसणारे, शेअर उघडा.

खरा डेटा टाकण्याआधी एक डिस्क ‘फेल’ पर्यायानं मुद्दाम पाडा, ‘रिमूव्ह’ करा, पुन्हा ‘ॲड’ करा. मेल आली का, यू परत आला का, ते बघा. बॅकअप मात्र वेगळ्या मशीनवरच घ्या. कुणी चुकून फोल्डर उडवला, तर रेड तो चारही डिस्कवरून इमानेइतबारे उडवतं.