काठवटीसाठी लेथ घेताना एचपीच्या आधी काय बघायचं

वाटी, चमचा, पोळपाटाचे पाय कातायला कुठलाही लेथ चालतो. चौदा इंची काठवट घ्यायला गेलं की छोटा लेथ पटाशी टेकताच दबतो, पट्टा घसरतो आणि माणूस दुकानात जाऊन थेट "दोन एचपीचा दाखवा" म्हणतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत लाकडी पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठीचे लाकडी नमुने) कातण्यात माझी हयात गेली. आता खानापुरात घरामागं फणसाचे, आंब्याचे वाडगे करतो. मोटारीवरच्या एचपीच्या पट्टीला भुलू नका. हळू फिरताना लाकडाच्या काठावर जोर किती पोचतो, ते आधी बघा.

हिशेब साधा आहे. १ एचपीची, मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटार शाफ्टवर साधारण ५ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. तुम्हाला १२ इंची वाडगा ४८० फेऱ्यांवर फिरवायचा आहे. पट्टा एकास तीनच्या पुलीवर टाकून फेऱ्या उतरवल्या, तर स्पिंडलवर, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या दांड्यावर, टॉर्क १५ होतो आणि सहा इंचावरच्या काठाला सुमारे दहा किलोचा जोर मिळतो. पट्टा सारख्या पुलींवरच ठेवून नुसत्या व्हीएफडीच्या (मोटारीच्या फेऱ्या कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बटणानं ४८० वर आणलं, तर टॉर्क ५ चा ५ च राहतो. काठाला जेमतेम सव्वातीन किलो! मोटार तीच, फेऱ्याही त्याच. शिवाय मोटार हळू फिरली की तिचा पंखाही हळू फिरतो आणि ती तापते. म्हणून व्हीएफडी घ्याच, पण पुलीचे दोन-तीन टप्पे असलेल्या लेथवर घ्या. टप्पे असतील तर बारा इंचापर्यंत १ एचपी पुरते. चौदा-सोळाला दीड ते दोन लागते.

व्हीएफडीला थ्री-फेज मोटार लागते, कपॅसिटरवाली घरगुती चालत नाही. घरच्या सिंगल फेजवर चालणारा छोटा व्हीएफडी पुढं २३० व्होल्टचाच थ्री-फेज देतो. आपल्याकडं मिळणाऱ्या बऱ्याच छोट्या मोटारी मात्र ४१५ व्होल्टला, स्टार जोडणीत बांधलेल्या असतात. तशी मोटार जोडली तर निम्म्या जिवावर चालते. घेतानाच "डेल्टा जोडणीत २३० वर चालेल काय?" हे विचारा आणि वाइंडिंगवाल्याकडून खात्री करून घ्या.

फेऱ्यांचा ठोकताळा असा: व्यास इंचात गुणिले फेऱ्या, उत्तर ६००० ते ९००० मध्ये राहावं. म्हणजे बारा इंचाला ५०० ते ७५०. पण हे गोल झालेल्या लाकडाचं. नुसता कुऱ्हाडीनं किंवा सॉ मिलवर छाटलेला ओला ठोकळा एका बाजूला जड असतो. बारा इंच व्यासाचा, पाच इंच जाडीचा ओला फणस आठेक किलो भरतो आणि तो सगळा स्पिंडलला एका बाजूनं लोंबकळतो. तेव्हा लेथ शंभरेक फेऱ्यांपर्यंत खाली यायला हवा, तिथून तो थरथरेपर्यंत वर न्यायचा आणि थोडा मागं घ्यायचा. सुरुवातच पाचशेवर होणारा लेथ मोठ्या वाडग्याला घेऊ नका, मोटार कितीही मोठी असो.

ही थरथर गिळायला वजन लागतं. चौदा-सोळा इंची कामाला बिडाचा बेड (लेथचा आडवा पाया) आणि दीडशे किलोच्या पुढचं वजन असलेला लेथ बघा. पत्र्याचं स्टँड असेल तर खाली फळी टाकून वाळूची पोती भरा. बिडाला आमच्या भागात तोटा नाही, ओळखीच्या फाउंड्रीत चांगला जाड बेड ओतून, मशीन शॉपमध्ये मिल करून घेता येतो.

स्विंगमध्ये, म्हणजे लेथवर मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या व्यासात, लोक फसतात. सोळा इंची स्विंग म्हणजे स्पिंडलपासून बेडपर्यंत आठ इंच. पण पटाशी टेकवायच्या टूलरेस्टचा बँजो, म्हणजे त्याचा बेडवर सरकणारा पाया, मध्ये येतो, आणि त्याच्यावरून जेवढं जातं तेवढाच तुमचा वाडगा. टेप घेऊन तिथंच मोजा. हेडस्टॉक (स्पिंडल धरणारा भाग) फिरणारा किंवा सरकणारा असेल तर उत्तम, वाडगा पोखरताना बेडवर वाकावं लागत नाही. बेडच्या लांबीवर पैसे घालू नका, ती लाटण्याला आणि खांबाला लागते.

स्पिंडल जाड हवा. एम३३ (३३ मिमी व्यासाचे) आटे असले तर चक (लाकूड पकडणारा जबडा) आणि फेसप्लेट (लाकूड स्क्रूंनी बसवायची तबकडी) सहज मिळतात. उलटी फिरवण्याची सोय असेल तर चकला लॉकचा स्क्रू हवाच, नाहीतर उलट्या फेऱ्यांत चक सुटून अंगावर येतो.

लोखंड कातायचा जुना लेथ घेऊ काय, असं पोरं विचारतात. वजन आणि मंद फेऱ्या त्यात फुकट मिळतात. कॅरेज (हत्यार धरून सरकणारा भाग) काढून हाताचा टूलरेस्ट बसवावा लागेल, आणि ओल्या लाकडाचं पाणी बेडवर राहू देऊ नये, रात्रीत गंज धरतो. हे सांभाळणार असाल तर जरूर घ्या.

पैसे देण्याआधी फेसप्लेट दोन्ही हातांनी धरून वर-खाली ढकला. बेअरिंगमध्ये केसभरही खेळ जाणवला तर पुढचं बोलणं नको. मग सोबत नेलेला ओला ठोकळा चार स्क्रूंनी बसवा, तोंडावर शील्ड घाला, सगळ्यात मंद पुलीवर काठाला जाड काप घ्या. काप सलग निघाला, लेथ जागचा हलला नाही आणि फेऱ्यांचा आवाज उतरला नाही, तर भाव ठरवायला बसा.