सिएटल-पोर्टलंडला नवीन आलात? पोर्टेबल एसी घेण्याआधी खिडकी मोजा

इकडच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये हीटर असतो, एसी बहुधा नसतो. वर्षातले दहा महिने त्याची आठवणही येत नाही. पण २८ जून २०२१ ला सिएटलला १०८ आणि पोर्टलंडला ११६ अंश फॅरनहाइट तापमान होतं, म्हणजे साधारण ४२ आणि ४७ अंश सेल्सिअस. नागपूरकरांना हे आकडे नवे नाहीत. पण तिथे घरोघरी कूलर असतो, डोक्यावर पंखा असतो. इथलं लाकडी घर थंडी अडवायला बांधलेलं, छताला अनेकदा पंख्याचा हूकही नाही, आणि एकदा आत शिरलेली उष्णता रात्रीसुद्धा हटत नाही. शिवाय आई-बाबा राहायला येतात ते नेमके जून ते सप्टेंबर. उष्णतेची लाट आली की दुकानातले एसी दोन दिवसांत संपतात, म्हणून खरेदी एप्रिल-मेमध्येच उरका.

आधी भाडेकरार वाचा. खिडकीत बसणारा एसी स्वस्त असतो आणि वीजही कमी खातो; परवानगी असेल तर तोच घ्या. बऱ्याच ठिकाणी तो चालत नाही, म्हणून पोर्टेबल, म्हणजे जमिनीवर उभा राहणारा आणि गरम हवा जाड पाइपाने खिडकीबाहेर फेकणारा एसी. ओरेगनमध्ये, म्हणजे पोर्टलंडच्या राज्यात, २०२२ च्या कायद्यामुळे घरमालकाला अशा उपकरणांवर सरसकट बंदी घालता येत नाही, पण वायरिंग, खिडकीचं नुकसान, आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट या बाबतीत अटी घालता येतात. बेडरूमची खिडकी हीच ती वाट असू शकते. तिथे पाइप अडकवायला बसवलेली पट्टी कायमची स्क्रूने ठोकू नका, एका झटक्यात निघाली पाहिजे.

किती बीटीयूचा?

आपल्याला टनांची सवय. बीटीयू हे उष्णतेचं माप; १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू. खोक्यावर ‘१४,००० बीटीयू’ वाचून सव्वा टनाचा एसी मिळाला असं वाटतं, तिथेच फसगत होते. खोक्यावर दोन आकडे असतात. मोठा आकडा अ‍ॅशरे या अभियंत्यांच्या संस्थेच्या जुन्या चाचणीचा. लहान आकड्यापुढे एसएसीसी लिहिलेलं असतं. गरम पाइपमधून खोलीत परत येणारी उष्णता आणि फटींतून आत ओढली जाणारी बाहेरची हवा वजा करून हा आकडा काढतात. १४,००० चा एक पाइपवाला एसी एसएसीसीत ८ ते १० हजारांवर येतो. हिशोब नेहमी लहान आकड्याचाच करा.

१५० ते २५० चौरस फुटांना ६,००० बीटीयू, २५० ते ३०० ला ७,०००, ३०० ते ३५० ला ८,०००. भरपूर ऊन येत असेल तर १० टक्के वाढवा. दोनपेक्षा जास्त माणसं असतील तर प्रत्येकी ६०० मिळवा. ओटा त्याच खोलीत असेल तर आणखी ४,०००. आता बारा बाय चौदाची पश्चिमेकडची बेडरूम घ्या: १६८ चौरस फूट, म्हणजे ६,०००, उन्हाचे ६००, आई-बाबांसह चौघं झोपणार, तर १,२००. एकूण ७,८००. एसएसीसी ८,००० चं मशीन पुरेल. ओपन किचनचा ३४० चौरस फुटांचा हॉल मात्र १२,००० वर जातो, आणि घरातल्या साध्या प्लगवर चालणारी तेवढ्या क्षमतेची पोर्टेबल मशीनं मोजकीच आहेत. हॉल गार करायचा नाद सोडा. एक बेडरूम गार करा, दार लावून घ्या आणि दुपारी सगळे तिथेच बसा.

पाइप एक की दोन? शक्य असेल तर दोन, किंवा पाइपात पाइप असलेला इन्व्हर्टर. एक पाइपवालं मशीन खोलीतलीच हवा गरम करून बाहेर फेकतं. तेवढीच हवा दाराखालून, बाथरूमच्या एक्झॉस्टमधून, खिडकीच्या फटीतून आत येते, आणि ती बाहेरची तापलेली असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वणव्यांचा धूर असला की हेच मशीन तो धूर घरात ओढतं. सप्टेंबर २०२० सारखी धुराने भरलेली हवा झाली तर एक पाइपवाला एसी बंद ठेवलेला बरा.

खिडकी आणि पाइप

पोर्टेबल एसी गार करत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा मशीनची नसतेच. गरम हवेला बाहेर जायचा रस्ता नीट केलेला नसतो. म्हणून घेण्याआधी खिडकी कशी उघडते ते बघा: वर सरकते, आडवी सरकते, की दारासारखी बाहेर उघडते? पहिल्या दोन्हींना सोबतची प्लास्टिकची पट्टी बसते, फक्त उघडलेल्या भागाची लांबी टेपने मोजून खोक्यावरच्या मापाशी ताडून घ्या. दारासारख्या खिडकीला ती पट्टी बसत नाही. तिला चेनवालं कापडी सील लावा, नाहीतर दुकानातून अ‍ॅक्रिलिकचा तुकडा मापात कापून आणा आणि पाइपाएवढं गोल भोक पाडा. उरलेल्या फटी फोमच्या चिकटपट्टीने बुजवा. आडवी सरकणारी खिडकी बाहेरून ढकलता येऊ नये म्हणून खालच्या खाचेत लाकडी दांडा टाका.

पाइप जितका आखूड आणि सरळ तितकं चांगलं. सोबत येतो तो साधारण पाच फुटांचा असतो. त्याला जोड देऊन लांबवू नका. पंख्याची ताकद तेवढ्याच लांबीला बेतलेली असते, पुढे गरम हवा तुंबते आणि कॉम्प्रेसर थकतो. अर्ध्या तासाने पाइपाला हात लावून बघा, तो चांगलाच तापलेला लागेल. म्हणजे खोलीच्या मधोमध एक छोटा हीटरच पडलेला असतो. त्यावर इन्सुलेशनचं आवरण चढवलं की फरक जाणवतो.

मशीन गाडीत आडवं आणलं असेल तर २४ तास उभं ठेवून मगच सुरू करा. कॉम्प्रेसरमधलं तेल खाली उतरायला वेळ लागतो.

वीज आणि रीसेट

इथे १२० व्होल्ट आणि बहुधा १५ अँपिअरचा सर्किट असतो. पोर्टेबल एसी एकटाच १० ते १२ अँपिअर खातो. त्याच सर्किटवर इस्त्री, हेअर ड्रायर किंवा मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडणारच. पडलेला ब्रेकर मधल्या स्थितीत अडकलेला दिसतो. तो आधी पूर्ण ऑफकडे दाबा, मगच ऑन करा, नाहीतर तो टिकत नाही. एक्स्टेन्शन कॉर्ड आणि पॉवर स्ट्रिप वापरू नका. भिंतीतला सॉकेट ढिला असेल आणि प्लग हाताला चटका देण्याइतका तापत असेल तर मशीन बंद करून मेंटेनन्सला सांगा.

प्लगवरच टेस्ट आणि रीसेट अशी दोन बटणं असतील. मशीन पूर्ण मेलेलं दिसलं तर सगळ्यात आधी ते रीसेट दाबा. महिन्यातून एकदा टेस्ट दाबून वीज तुटते ना ते पाहा. रीसेट दाबूनही टिकत नसेल तर वायर खराब असू शकते, ते मशीन वापरू नका.

डिस्प्ले गोठला किंवा रिमोटला दाद देईना, तर मशीन बंद करून प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा लावा, मोड ‘कूल’ ठेवा आणि तापमान खोलीपेक्षा बरंच खाली आणा. लगेच गार हवा आली नाही म्हणून घाबरू नका. कॉम्प्रेसर मुद्दाम तीनेक मिनिटं उशिरा सुरू होतो. सारखं बंद-चालू केलंत तर ती तीन मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. आकडे अचानक २४ ऐवजी ७५ दिसायला लागले तर फॅरनहाइट लागलंय. अनेक मॉडेलांत वर-खाली ही दोन्ही बटणं एकत्र दाबून धरली की सेल्सिअस येतं.

‘पी१’ दिसलं किंवा पाणी भरल्याचा दिवा लागला, तर खालचा ट्रे भरलाय. इकडचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे बरंचसं पाणी मशीन वाफ करून पाइपातूनच बाहेर टाकतं आणि हा प्रसंग क्वचित येतो. न्यू जर्सी किंवा ह्यूस्टनला मात्र मुंबईसारखा दमटपणा असल्याने वारंवार येतो. बंद करा, प्लग काढा, खाली पसरट परात सरकवा, मागचं खालचं रबरी बूच काढा आणि पाणी गळू द्या. बूच परत घट्ट बसवायला विसरू नका, नाहीतर कार्पेट भिजेल आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातील. ‘ई१’, ‘ई२’ हे बऱ्याच मशीनांत सेन्सरचे कोड असतात, पण कंपनीगणिक अर्थ बदलतो, पुस्तिका बघा.

हवा कमी येते? फिल्टर. मे-जूनमध्ये कॉटनवूडच्या झाडांचा कापूस उडतो आणि जाळीवर गोधडीसारखा थर बसतो. दर दोन आठवड्यांनी जाळी कोमट पाण्याखाली धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवून मगच बसवा. आत बर्फ साचला असेल तर कूल बंद करून तासभर नुसता पंखा चालवा. चाकू-स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, कॉइलला भोक पडलं की मशीन संपलं.

मशीन खरंच बिघडलंय का, हे तपासायला स्वयंपाकघरातला थर्मामीटर पुरतो. १५ मिनिटं चालू द्या. हवा आत ओढणाऱ्या जाळीपाशी एकदा आणि गार हवेच्या तोंडाशी एकदा तापमान घ्या. १५ ते २० अंश फॅरनहाइट फरक असेल तर मशीन ठणठणीत आहे, परत खिडकीकडे आणि फटींकडे वळा. फरक पाच-सहा अंशच असेल, फिल्टर स्वच्छ असेल आणि कॉम्प्रेसरचा आवाज येत असेल, तर गॅस गेला असण्याची शक्यता आहे. इथे ‘गॅस भरून घेऊ’ हा पर्याय धरू नका. ही मशीनं सीलबंद असतात आणि दुरुस्ती नव्या मशीनइतकी महाग पडते. पावती जपा, वॉरंटीत बदलून घ्या. जुनं मशीन डंपस्टरशेजारी, म्हणजे कचऱ्याच्या मोठ्या पेटीपाशी, ठेवून येऊ नका. गॅस हवेत सोडणं कायद्याने गुन्हा आहे, उपकरणं घेणाऱ्या रीसायकलिंग केंद्रावर द्या.

एसीवरचा ताण कमी करायचा तर सकाळी नऊलाच खिडक्या-पडदे लावून घ्या, आणि रात्री बाहेरची हवा घरापेक्षा गार झाली की एसी बंद करून समोरासमोरच्या खिडक्या उघडा. ऑक्टोबरात ठेवून देण्याआधी ट्रे रिकामा करा, दोन-तीन तास नुसता पंखा चालवून आतला ओलावा सुकवा, फिल्टर धुवा आणि मशीन कपाटात उभंच ठेवा. पट्टी, फोम आणि स्क्रू एका पिशवीत घालून मशीनलाच बांधून ठेवा.