सर्बियातल्या एका अप्रसिद्ध युद्धकालीन हस्तकाचा माग कसा काढावा

दुसऱ्या महायुद्धात सर्बियात जर्मनांच्या हाताखाली सरकार चालवणारा मिलान नेदिच किंवा फॅसिस्ट पुढारी दिमित्रिये ल्योतिच यांच्याबद्दल वाचायला ढीगभर मजकूर मिळतो. घोडं अडतं ते खालच्या माणसांपाशी. कुणी तालुक्याचा प्रमुख असतो, कुणी पोलिसांचा एजंट, कुणी स्वयंसेवक दलातला कप्तान. एखाद्या तळटीपेत आडनाव दिसतं आणि तिथंच माग संपतो.

अशा वेळी पहिला मोह होतो तो ते नाव सर्चमध्ये टाकण्याचा. तो आवरा. योवानोविच, पेत्रोविच, निकोलिच ही आडनावं तिकडे आपल्याकडच्या जाधव-शिंद्यांसारखी गल्लोगल्ली आहेत. बेलग्रेडचा युद्धकाळातला पोलीसप्रमुख आणि महापौर द्रागोमिर योवानोविच हा काही लहान माणूस नव्हता, पण त्यालाही बहुतेक ठिकाणी 'द्रागी' या घरगुती नावानेच ओळखलं जातं. म्हणून आधी जागा पक्की करा, मग वर्दी, मग तारीख. नावाची पाळी शेवटी.

जागा: तो भाग कुणाच्या ताब्यात होता?

6 एप्रिल 1941 ला जर्मनांनी बेलग्रेडवर बॉम्ब टाकले आणि 17 एप्रिलला युगोस्लाव्हियाने शरणागती पत्करली. त्यानंतर देशाचे तुकडे पडले. मधला सर्बिया आणि बानात जर्मन लष्कराकडे राहिला. बाच्का हंगेरीने घेतला, स्रेम क्रोएशियाच्या उस्ताशा या फॅसिस्ट राजवटीत गेला, पिरोत आणि व्रान्ये बल्गेरियाने घेतले, तर कोसोवोचा बराचसा भाग इटलीने आपल्या ताब्यातल्या अल्बानियाला जोडला. तुमचा माणूस बाच्कातल्या नोवी सादचा असेल, तर बेलग्रेडइतकेच बुडापेस्टचे कागद महत्त्वाचे. स्रेमचा असेल तर झाग्रेब, पिरोतचा असेल तर सोफिया.

नावाचं रूपही जागेप्रमाणे बदलतं. हंगेरियन कागदांत ते हंगेरियन स्पेलिंगने येतं. जर्मन टंकलेखक अक्षरांवरच्या खुणा सरळ गाळतो. बल्गेरियन अमलाखाली योवानोविचचा योवानोव होतो. सर्बियन स्वतः दोन लिप्यांत लिहिली जाते, तेव्हा सिरिलिक आणि लॅटिन अशी दोन्ही रूपं शोधायचीच. बापाच्या नावाचं आद्याक्षर मिळालं तर सोन्याहून पिवळं, कारण एकाच नावाच्या दोघांना वेगळं करायला बहुतेक वेळा तेवढंच हाताशी असतं.

वर्दी: नेमका कुठल्या दलात?

इथे घाई केली तर पुढचं सगळं चुकतं. नेदिचचं सरकार 29 ऑगस्ट 1941 ला आलं. त्याआधी मिलान आचिमोविचचा, जर्मनांनी नेमलेल्या कमिसारांचा कारभार होता. नेदिचच्या हाताखाली सर्बियन राज्य रक्षक दल होतं, ल्योतिचच्या लोकांचं स्वयंसेवक दल होतं (1943 पासून 'कोर'), बेलग्रेडचे विशेष पोलीस होते आणि कोस्ता पेचानात्सचे चेतनिक (सर्बियन सशस्त्र टोळ्या) हेही. पेचानात्सचे चेतनिक आणि राजनिष्ठ बंडखोरांचा पुढारी द्राझा मिहाइलोविच याचे चेतनिक एक नव्हेत. त्यात भर म्हणजे 1941 च्या अखेरीपासून मिहाइलोविचच्या काही तुकड्यांनी नेदिचकडे कागदोपत्री नोंद करून घेतली. त्यामुळे 'चेतनिक होता' एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कुठली तुकडी आणि कुठला महिना, हे कळलं पाहिजे.

सर्च करताना आणखी एक गंमत होते. स्वयंसेवक कोरचं लघुरूप 'एसडीके'. पुढे समाजवादी युगोस्लाव्हियात सरकारी हिशेबतपासणी खात्याचंही लघुरूप तेच होतं. नुसतं लघुरूप टाकलंत, तर ताळेबंद चाळत बसाल.

घरबसल्या काय होतं?

बरंच. बेलग्रेडच्या लष्करी इतिहास संस्थेने मुक्तियुद्धाच्या कागदपत्रांचे जे जाडजूड खंड काढले, ते 'झ्नात्सी' या संकेतस्थळावर फुकट आहेत. पहिली मालिका सर्बियातल्या लढायांची, बारावी जर्मन कागदांची, चौदावी चेतनिकांची. सुरुवात शेवटच्या पानांपासून करा, म्हणजे नावांच्या आणि गावांच्या सूचीपासून. गावाच्या सूचीतून माणूस सापडण्याची शक्यता जास्त.

मग वर्तमानपत्रं. 'नोवो व्रेमे' हे जर्मनांच्या देखरेखीखालचं दैनिक मे 1941 पासून निघत होतं. नेमणुका, बढत्या, मृत्युलेख असं सगळं त्यात सापडतं. पण 13 ऑगस्ट 1941 च्या अंकातलं 'सर्बियन जनतेला आवाहन' जपून वाचा. कम्युनिस्टांविरुद्धच्या त्या पत्रकाखाली शेकडो प्रतिष्ठितांची नावं आहेत आणि त्यांतल्या अनेकांवर सहीसाठी दबाव होता. तिथे नाव सापडलं म्हणून कुणावर शिक्का मारणं मला तरी पटत नाही. त्याच माणसाने पुढच्या तीन वर्षांत काय केलं ते बघा.

दफ्तरखान्याला पत्र

पुस्तकांतल्या तळटीपा इथे कामी येतात. लष्करी दफ्तरखान्याचा संदर्भ असेल तर आधी दफ्तराचं नाव येतं (नेदिच दफ्तर, चेतनिक दफ्तर, जर्मन दफ्तर), मग खोका, मग फाइल, मग कागदाचा क्रमांक. हे आकडे जसेच्या तसे उतरवून पाठवा. 'अमुक माणसाची माहिती द्या' या पत्राला उत्तर आलंच तर मोघम येतं. 'या खोक्यातली ही फाइल बघायची आहे' या पत्रावर काम होतं.

विशेष पोलिसांचे आणि जर्मन सुरक्षा पोलिसांचे कागद बेलग्रेडच्या ऐतिहासिक दफ्तरखान्यात आहेत. बेलग्रेडमधल्या बान्यित्सा या छळछावणीच्या नोंदवह्याही तिथेच, 23,637 कैद्यांच्या. हस्तक शोधताना कैद्यांची वही कशाला, असं वाटेल. पण आपल्या माणसाच्या गावातून कोण कधी पकडून आणलं गेलं, हे त्यातून कळतं, आणि त्या लोकांच्या युद्धानंतरच्या जबान्यांत तो भेटू शकतो. त्या जबान्या युगोस्लाव्हिया दफ्तरखान्यात, 110 क्रमांकाच्या संग्रहात. आक्रमक आणि त्यांच्या साथीदारांच्या गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या राज्य आयोगाचा हा संग्रह.

हस्तलिखित आलं की मोबाइलचं भाषांतर ॲप गडबडतं. सर्बियन वळणदार सिरिलिकमध्ये 'त' म्हणजे तीन उभे दांडे आणि वर आडवी रेघ, 'प' म्हणजे दोन दांडे आणि वर रेघ. रेघ पुसट झाली की अक्षर बदलतं. एक तक्ता करून शेजारी ठेवा आणि गावांची नावं आधी लावा, कारण ती नकाशावर ताडून बघता येतात.

जन्मतारखेचाही घोळ असतो. राज्याने ग्रेगोरियन पंचांग 1919 मध्ये घेतलं, चर्च मात्र ज्युलियनवरच राहिलं. एकोणिसाव्या शतकातल्या जन्माच्या दोन नोंदींत 12 दिवसांचा फरक दिसला, तर ती दोन माणसं समजू नका. 1900 च्या मार्चपासून तोच फरक 13 दिवसांचा.

निकाल कुणी दिला?

या राज्य आयोगाने एखाद्याला 'गुन्हेगार' ठरवणं हा न्यायालयाचा निकाल नव्हे. 27 नोव्हेंबर 1944 च्या 'पोलितिका' या दैनिकात नव्या कम्युनिस्ट सत्तेने गोळ्या घातलेल्या 105 जणांची यादी छापून आली, आणि त्यांचे गुन्हे एकसारखे होते असं मानायला आधार नाही. 'राष्ट्रीय प्रतिष्ठे'विरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळं न्यायालय होतं. त्याने झांका स्तोकिच या लाडक्या नटीला ताब्याच्या काळात काम केलं म्हणून शिक्षा दिली. 2009 मध्ये तिचं पुनर्वसन झालं, म्हणजे ती शिक्षा रद्द ठरून नाव स्वच्छ झालं. नेदिचच्या पुनर्वसनाचा अर्ज मात्र बेलग्रेडच्या न्यायालयाने 2018 मध्ये फेटाळला. अशा अर्जांच्या फाइलींत जुने खटल्याचे कागद आणि नातेवाइकांचं म्हणणं एकत्र असतं, म्हणून तुमच्या माणसासाठी न्यायालयात पुनर्वसनाचा अर्ज झाला होता का, हे जरूर विचारा. हयात वारसांची नावं, पत्ते मात्र आपल्या लेखात आणू नका.

1944 नंतर

ऑक्टोबर 1944 मध्ये बेलग्रेड कम्युनिस्ट पार्टिझान आणि सोव्हिएत फौजांच्या हाती पडण्याआधी बरेच जण पळाले, स्लोव्हेनियाकडे आणि तिथून ऑस्ट्रिया-इटलीत. काहींना ब्रिटिशांनी परत पाठवलं आणि ते मारले गेले. इटलीत पोहोचलेले फोर्ली आणि एबोली इथल्या छावण्यांतून पुढे जर्मनीत आणि मग अमेरिका-कॅनडा-ऑस्ट्रेलियात पांगले. त्यांच्यासाठी जर्मनीतला आरोल्सेन दफ्तरखाना बघा. निर्वासितांच्या मदत-अर्जांचे 'सीएम-1' फॉर्म तिथे ऑनलाइन आहेत. त्यात 1941 ते 1945 मधल्या नोकऱ्या आणि मुक्काम अर्जदाराला स्वतः सांगावे लागत, आणि वर्दीचा काळ झाकायला शेती किंवा मजुरी पुढे करणं सोपं होतं. तो रकाना 'नोवो व्रेमे'तल्या नेमणुकीशेजारी ठेवा आणि महिना महिना ताडत जा.