मेनफ्रेमची सुरक्षा तपासताना सुरुवात कोठून करावी

इंदूरला बसून परदेशी बँकांचे मेनफ्रेम (मोठ्या व्यवहारांचे मध्यवर्ती संगणक) सांभाळणाऱ्या आपल्या मराठी मुलामुलींना ‘झेड-ओएस (मेनफ्रेमची कार्यप्रणाली) कोणी फोडत नाही’ हे वाक्य नोकरीच्या सुरुवातीलाच ऐकायला मिळते. स्वीडनमध्ये लॉजिका कंपनीच्या मेनफ्रेममधील घुसखोरी २०१२ मध्ये उघडकीस आली. तेथे घुसखोरांनी रॅकफचा, म्हणजे कोणाला कशाचा अधिकार आहे हे ठरवणाऱ्या सुरक्षा प्रणालीचा, डेटाबेसच उतरवून घेतला होता. यंत्रणा भक्कम आहे, पण ती कशी लावली आहे हे कोणीतरी बघायला हवे.

लेखी परवानगी आणि ऑडिटरचा अधिकार घेऊन प्रथम डीएसमॉन (रॅकफची सुरक्षा मांडणी दाखवणारा) अहवाल काढावा. त्यातील एपीएफ लायब्ररींच्या (विशेष अधिकार मिळू शकणाऱ्या प्रोग्रामच्या संग्रहांच्या) यादीला सर्वाधिक वेळ द्यावा, कारण या लायब्ररीतून योग्य रीतीने चालवलेला प्रोग्राम रॅकफला बगल देऊन स्वतःला हवे ते अधिकार घेऊ शकतो. प्रत्येक लायब्ररीचे यूएसीसी (यादीत नाव नसलेल्यांना आपोआप मिळणारा अधिकार) ‘अपडेट’ (बदल करण्याचा) किंवा त्याहून वरचे तर नाही ना, हे पाहावे आणि यूएसीसी ‘नन’ (काहीच अधिकार नाही) दिसले तरी तेथेच थांबू नये. परवानग्यांच्या यादीत ‘*’ या नावाची नोंद असेल, तर तोच अधिकार जवळजवळ प्रत्येक वापरकर्त्याला मिळालेला असतो. यादीत नाव आहे पण डिस्कवर डेटासेट (फाइल) नाही, असेही आढळते. त्या नावाचा डेटासेट त्याच डिस्कवर जो तयार करू शकेल, त्याच्या हाती एपीएफ आयतेच येते, म्हणून अशी नोंद यादीतून काढून टाकावी.

त्यानंतर वॉर्निंग मोडमधील प्रोफाइल (रॅकफमधील संरक्षणाचे नियम) शोधावेत. ते इशारा देतात, पण कोणालाही अडवत नाहीत. स्थलांतराच्या वेळी तात्पुरती केलेली ही सोय नंतर कोणी काढत नाही, आणि माझ्या मते आत्मसंतुष्टपणाची याहून स्पष्ट खूण दुसरी नाही. सेटरॉप्ट्सच्या (रॅकफच्या एकूण सेटिंगच्या) यादीत प्रोटेक्टऑल (प्रोफाइल नसलेला डेटासेट वापरू न देणारी सेटिंग) ‘फेल’वर आहे का आणि पासवर्डसाठी डीईएस या जुन्या एनक्रिप्शनऐवजी अधिक भक्कम केडीएफएईएस लागू आहे का, हे पाहावे. रॅकफ डेटाबेस आणि त्याच्या बॅकअप प्रती वाचण्याचा अधिकारही मोजक्यांनाच असावा. आयबीएमयूझर हे रॅकफसोबत आयते येणारे खाते रिव्होक (बंद) केलेले असावे, आणि टीएन३२७० ची (मेनफ्रेमच्या टर्मिनलची) जोडणी टीएलएस या एनक्रिप्शनशिवाय चालू देऊ नये.

दोष सापडताच यूएसीसी घाईने ‘नन’ करू नये, कारण रात्रीचे बॅच जॉब त्याच मोकळ्या अधिकारावर चालत असण्याची शक्यता असते. त्या प्रोफाइलवर यशस्वी वापराचेही ऑडिट चालू करून महिनाअखेरीचे जॉब होईपर्यंत एसएमएफमधील (यंत्रणेच्या नोंदवहीतील) ‘टाइप ८०’ या रॅकफच्या नोंदी पाहाव्यात, खऱ्या वापरकर्त्यांच्या गटांना नावानिशी परवानगी द्यावी, आणि चाचणीच्या एलपारवर (मेनफ्रेमच्या स्वतंत्र विभागावर) बदल पारखल्यानंतरच तो प्रत्यक्ष वापरातील यंत्रणेत न्यावा.