ड्रम सँडर घेताय? आधी या चुका टाळा

घरच्या छोट्या वर्कशॉपसाठी ड्रम सँडर घ्यायचं ठरलं की आपण पहिलं बघतो ते रुंदी, किती इंचाची फळी जाते ते, आणि गडबड तिथूनच सुरू होते. आधी हे मशीन काय करतं आणि काय नाही करत ते बघा. फिरत्या ड्रमवर सँडपेपर गुंडाळलेला असतो, फीड बेल्ट म्हणजे खालचा पट्टा फळी त्याच्याखालून नेतो आणि फळीचा वरचा भाग घासला जातो. ड्रम सँडर म्हणजे रंधा नाही! ८० नंबरचा पेपर लावला (नंबर मोठा तितका पेपर बारीक) तरी एका पासमध्ये, म्हणजे फळी एकदा घातली की, फार तर ०.४ मिलीमीटर निघतं, म्हणजे एका सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आठवा भाग, त्यामुळे एक सूत उतरवायचं तर किमान ८ वेळा फळी घालायची, आणि १५० नंबरला तर अजूनच कमी निघतं. जाडी काढायचं काम रंध्याचं, सँडरने फक्त रंध्यानंतरचा हात. पिळलेली फळी सरळ करायची आशा पण ठेवू नका, आत गेल्यावर रोलर तिला दाबून सपाट करतात आणि बाहेर आली की ती परत पिळते. नुसती बाक आलेली असेल तर फुगीर बाजू वर ठेवून घालायची, म्हणजे ती दोन कडांवर टेकते आणि डुगडुगत नाही.

रुंदीचं म्हणाल तर एक बाजू उघडी असलेलं मॉडेल येतं, १६ इंचाचा ड्रम असला तर फळी फिरवून दोन पासमध्ये ३२ इंचापर्यंत करता येते. छोट्या जागेला चांगलं आहे. पण ड्रम एकाच बाजूने धरलेला असतो म्हणून जास्त दाबलं की उघडी बाजू थोडी उचलली जाते आणि टेबलाशी समांतर आहे का ते अधूनमधून बघावं लागतं. सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या घ्या, ड्रमच्या दोन टोकांखालून एकाच सेटिंगवर काढा आणि मोजा, फरक कळतो. रुंद फळीच्या मध्ये पायरीसारखी रेघ येत असेल तर उघडी बाजू खाली झुकलीय, ती अगदी केसभर वर घ्या.

आता भुशाचं बोलू, कारण माझ्या मते अर्ध्याहून जास्त तक्रारी इथूनच येतात. साधा शॉप व्हॅक्यूम लावून काम भागेल असं वाटतं, पण नाही भागत. ४ इंची पाइप आणि मिनिटाला ५००-६०० क्युबिक फूट हवा ओढणारा डस्ट कलेक्टर (भुसा ओढून घेणारं मशीन) हवा, म्हणजे मशीनच्या बजेटमध्येच त्याचे पैसे धरा, आणि दोन्ही मोटर एकदम चालणार म्हणून विजेची लाइन वेगवेगळी घ्या. भुसा ड्रमवरच राहिला की तो पेपरच्या दाण्यांमध्ये बसतो, पेपर कापायच्या ऐवजी घासायला लागतो, तापतो आणि लाकूड जळतं. वर ती बारीक धूळ छातीत जाते ते वेगळंच, त्यामुळे कलेक्टर असला तरी मास्क लावाच.

जळक्या डागांचं कारण शोधताना डाग कसा आहे ते नीट बघा. प्रत्येक फळीवर त्याच जागी एकच काळी रेघ येत असेल तर पेपरवर तिथे राळ किंवा गोंद चिकटलाय. कलेक्टर चालू ठेवून फिरत्या ड्रमवर रबरी क्लीनिंग स्टिक धरली की बरेचदा सुटतो. मी एकदा जोडलेल्या पॅनलवरचा सुकलेला गोंद न खरवडता घातला होता, एका पासमध्ये नवा कोरा पेपर गेला, तेव्हापासून आधी स्क्रॅपर मारल्याशिवाय फळी आत जात नाही. आणि डाग सगळीकडे पसरलेले असतील तर एकतर एका पासमध्ये जास्त खोल घासताय, नाहीतर पेपर फार बारीक आहे, नाहीतर फीड म्हणजे फळी आत जायचा वेग फार हळू आहे. पाइनसारखं राळवालं लाकूड असेल तर फळी थोडी तिरकी घाला, राळ एकाच जागी साचत नाही. फळी मध्येच थांबली तर खड्डा पडलाच समजा, म्हणून फीड बेल्ट घसरतोय का, त्यावर भुसा साचलाय का ते आधी बघायचं.

पेपर गुंडाळताना घाई नको. कडेला कड लागली पाहिजे, एकावर एक चढली की फाटतो. नवा पेपर गरम झाल्यावर थोडा ताणला जातो म्हणून दोन-चार पासनंतर मशीन बंद करून, प्लग काढून परत घट्ट करा.

आणि १८०, २२० नंबर लावून याच मशीनवर फिनिश करायचा हट्ट सोडा. ड्रम सरळ रेषेत घासतो, त्या बारीक रेघा पॉलिश चढवल्यावर डोळ्यात खुपतात. १२० किंवा १५० ला थांबायचं आणि पुढचं ऑर्बिटल सँडरने (हातात धरायचं, गोल गोल घासणारं मशीन) हाताने करायचं.

एक शेवटचं, वेगवेगळ्या जाडीचे तुकडे शेजारी-शेजारी घालू नका. रोलर जाड तुकड्यावर बसतो, पातळ तुकडा सुटा राहतो आणि ड्रम त्याला मागे फेकतो, त्यामुळे फळी घालताना तिच्या सरळ रेषेत उभं न राहता बाजूला राहा.